आपला संघ हरल्यावर कोणाचं व्हायचं?

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीचे आठवड्याला चार तास असायचे आणि त्यातले दोन पीटीच्या सिस्टर हक्काने मागून घ्यायच्या. त्या दोन तासांत आम्ही बास्केटबॉल खेळायचो. त्यामुळे माझं मराठी कच्चं राहिलं आणि लेअप पक्का झाला. संपादक मंडळाने "मराठी विभागाला मुलींचे लेख कमी आलेत" म्हणून गळ घातली, तेव्हा लिहायला बसले आहे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

विषय तसा आपल्या सिलॅबसबाहेरचा आहे. दरवर्षी मार्चमध्ये अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची एनसीएए स्पर्धा होते. तिला तिकडे 'मार्च मॅडनेस' म्हणतात. आपल्या दोन्ही हॉस्टेल्समध्ये मिळून ती बघणारे सात-आठ वेडे आहेत, त्यातली मी एक. या स्पर्धेत पहिल्या दोन-चार दिवसांतच बहुतेकांचा आवडता संघ बाहेर पडतो आणि पुढे दोन आठवडे स्पर्धा चालूच राहते. मग प्रश्न येतो, आता टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? पर्यायी संघ निवडायचा, तर कशाच्या आधारावर?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. मी यावर तीन-चार वर्षं विचार केला आहे आणि एकदा त्याचं उत्तर मला खरोखर हवं होतं. तो प्रसंग पुढे येईलच. आधी थिअरी, मग सोडवलेलं उदाहरण.

१. स्पर्धेची रचना

ही स्पर्धा १९३९ साली आठ संघांनी सुरू झाली. १९८५ मध्ये संघ ६४ झाले आणि २०११ मध्ये ६८. अमेरिकेत पहिल्या दर्जाच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या कॉलेजांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. ते वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये वर्षभर खेळतात. कॉन्फरन्स जिंकणाऱ्याला थेट प्रवेश मिळतो, उरलेल्या जागा निवड समिती भरते. थोडक्यात, काही सीट मेरिटवर आणि काही समितीच्या हातात. आपल्याला हे नवीन नाही!

आधी काही प्राथमिक सामने होऊन ६८ चे ६४ होतात. हे ६४ संघ चार विभागांत वाटलेले असतात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकनं असतात. पहिल्या फेरीत १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५, ३ विरुद्ध १४ असे सामने. दोन्ही मानांकनांची बेरीज नेहमी १७. पद्धत बाद फेरीची, एकदा हरलात की बॅग भरा. रिपीटर नाही, एटीकेटी नाही.

२. पर्यायी संघाची गरज

६८ संघांमधून एक विजेता काढायला किती सामने लागतील? फेऱ्या मोजत बसायची गरज नाही. प्रत्येक सामना बरोबर एका संघाला घरी पाठवतो. ६७ संघ घरी जायचे असतील तर सामने ६७. याचाच दुसरा अर्थ, ६८ पैकी ६७ संघांच्या चाहत्यांचा शेवट हरण्यात होतो. मुख्य फेरीच्या पहिल्या गुरुवार-शुक्रवारी ६४ चे ३२ होतात आणि रविवारी रात्रीपर्यंत १६. चार दिवसांत ४८ कॉलेजांची पोरं अनाथ! त्याशिवाय ज्यांचं कॉलेज स्पर्धेत आलंच नाही ते तर पहिल्या दिवसापासून परके. म्हणजे पर्यायी संघ हा चंचल माणसांचा चाळा नाही. स्पर्धेची रचनाच अशी आहे की जवळजवळ प्रत्येकाला तो कधी ना कधी लागतोच.

३. निवडीच्या प्रचलित पद्धती

अ) ब्रॅकेट पद्धत. स्पर्धेच्या आधी लोक सगळ्या सामन्यांचे अंदाज एका कागदावर भरतात, त्याला ब्रॅकेट म्हणतात. बरेच जण सरळ ब्रॅकेटमध्ये टिक केलेल्या संघाला पाठिंबा देतात. ६३ सामने, प्रत्येकाचे दोन निकाल, म्हणजे २ चा ६३ वा घात. हे साधारण ९२ वर १७ शून्यं होतं. आजोबांनी पाठ करून घेतलेल्या एकं-दहं-शतंमधला 'परार्ध' मला आयुष्यात पहिल्यांदा इथे उपयोगी पडला : सुमारे ९२ परार्ध. अर्थात सगळेच सामने नाणेफेकीसारखे नसतात, तरी २०१९ मध्ये एका प्रेक्षकाचे पहिले ४९ सामने बरोबर आले तेव्हा त्याची बातमी झाली होती.

पण ब्रॅकेट म्हणजे ऑब्जेक्टिव्ह पेपर. त्यात मार्क मिळवायचे असतात, जीव लावायचा नसतो. याचं सर्वात गोड उदाहरण आमच्या सिस्टरनी शाळेत असेंब्लीत सांगितलं होतं. २०१८ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठाचा संघ ११ व्या मानांकनावरून थेट अंतिम चारात गेला. मियामीला २ गुणांनी, टेनेसीला १ गुणाने, नेवाडाला १ गुणाने हरवत! त्या संघाच्या चॅप्लेन होत्या सिस्टर जीन. तेव्हा वय ९८, गळ्यात संघाचा मफलर, व्हीलचेअरवरून प्रत्येक सामन्याला हजर. २०२५ मध्ये १०६ व्या वर्षी त्या गेल्या. तर या सिस्टर जीननी स्वतःच्या ब्रॅकेटमध्ये लोयोला शेवटच्या १६ मध्ये हरेल असं भरलं होतं! म्हणून त्यांनी प्रार्थना कमी केली का? नाही. अंदाज वेगळा, पाठिंबा वेगळा. आमच्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या प्रिलिमचे मार्क मला माहीत आहेत, तरी मी तुमच्यासाठी प्रार्थना करतेच ना!"

ब) बलवान पद्धत. सरळ पहिल्या मानांकनाचा संघ धरायचा. २००८ आणि २०२५ मध्ये तर अंतिम चारात चारही पहिल्या मानांकनाचेच होते. पद्धत सुरक्षित आहे, पण यात मजा अशी, की जिंकल्याचा आनंद अर्धा आणि हरल्याची लाज दुप्पट. टॉपरच्या शेजारी बसून फोटो काढण्यासारखं आहे हे.

क) सिंड्रेला पद्धत. लहान कॉलेजचा खालच्या मानांकनाचा संघ मोठ्यांना पाडत निघाला की अमेरिकन लोक त्याला सिंड्रेला म्हणतात. २०१३ मध्ये फ्लोरिडा गल्फ कोस्ट हा शेवटच्या १६ मध्ये पोचलेला पहिला १५ वा मानांकित संघ ठरला. २०२२ मध्ये सेंट पीटर्स त्याच्याही पुढे, शेवटच्या ८ मध्ये गेला. परक्या देशातला माणूस सहसा इथेच प्रेमात पडतो. फक्त आकडे लक्षात ठेवा. २०२४ पर्यंत ११ वे मानांकित संघ सहा वेळा अंतिम चारात गेले आणि सहाही वेळा तिथेच थांबले. ६४ संघ झाल्यापासून विजेतेपद मिळवणाऱ्यांत सर्वात खालचं मानांकन आठवं आहे, १९८५ चा व्हिलानोव्हा. बारा वाजणार हे धरूनच चाला.

ड) नात्याची पद्धत. आपल्याच कॉन्फरन्सचा संघ, शेजारच्या गावचा संघ, ओळखीच्या कोणाचं तरी कॉलेज. हिला तर्क आहे. आपल्याच कॉन्फरन्सचा संघ पुढे गेला तर 'आम्ही वर्षभर यांच्याशी खेळतो' असं सांगता येतं. पण कॉन्फरन्समध्ये पारंपरिक वैरीही असतात. पर्ड्यूच्या माणसाला इंडियाना विद्यापीठासाठी टाळ्या वाजवायला सांगून बघा!

इ) गोष्टीची पद्धत. संघाचा इतिहास वाचायचा आणि जो पटेल त्याचं व्हायचं. लोयोलाचंच घ्या. १९६३ मध्ये त्यांच्या सुरुवातीच्या पाचांत चार कृष्णवर्णीय खेळाडू होते. समोर मिसिसिपी स्टेट. ज्या संघात कृष्णवर्णीय असतील त्यांच्याशी खेळायचं नाही, असा त्या राज्यात अलिखित नियम होता आणि खुद्द गव्हर्नरचा विरोध होता. मिसिसिपी स्टेटचा संघ गुपचूप राज्याबाहेर पडला आणि मिशिगनला जाऊन सामना खेळला. दोन्ही कर्णधारांनी मैदानाच्या मध्यावर हात मिळवले. लोयोला ६१-५१ ने जिंकला आणि पुढे त्या वर्षीचा विजेताही ठरला. असं काही वाचलं की निवड आपोआप होते. मला तर हरलेला मिसिसिपी स्टेटही आवडून गेला.

४. साखळीचा नियम

ही पद्धत मी कुठे वाचलेली नाही, रागाच्या भरात सापडली. नियम असा : ज्याने आपल्याला हरवलं त्याचंच व्हायचं. तो हरला की त्याला हरवणाऱ्याचं. सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्स शिकलेल्यांना यात लिंक्ड लिस्ट दिसेल. प्रत्येक हरलेला संघ एका आणि एकाच संघाकडे बोट दाखवतो. बोट न दाखवणारा संघ एकच, तो विजेता. म्हणून तुम्ही कुठल्याही संघापासून सुरुवात करा, साखळी नेहमी विजेत्यापाशीच संपते. सिद्धता एवढीच.

पडताळून बघा. २०२१ : पर्ड्यूला नॉर्थ टेक्सासने हरवलं, त्यांना व्हिलानोव्हाने, त्यांना बेलरने आणि बेलर विजेता. २०२२ : पर्ड्यूला सेंट पीटर्सने, त्यांना नॉर्थ कॅरोलायनाने, त्यांना कॅन्ससने आणि कॅन्सस विजेता. दोन्ही उदाहरणं पर्ड्यूपासून का सुरू होतात, ते आता सांगते.

५. सोडवलेलं उदाहरण : मार्च २०२३

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, २०१९ साली इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात मेकॅनिकलचं एमएस करायला गेला. मी तेव्हा नववीत. पर्ड्यूच्या संघाचं नाव 'बॉयलरमेकर्स'. १८९१ मध्ये एका फुटबॉल सामन्यात हरलेल्या गावच्या पेपरने यांना चिडवायला ते नाव वापरलं आणि यांनी ते मिरवायला घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेस्मिथ सरांनी स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल शोधून काढला. बॉयलर आणि बास्केटबॉल एकाच संघात! मी त्या दिवसापासून पर्ड्यूची झाले. आपल्या वर्कशॉपच्या मामांना हे नाव सांगितलं तर ते म्हणाले, "मग आम्हाला पण घ्या की टीममध्ये."

दादा तिकडून फोनवर सामन्याचं धावतं वर्णन करायचा. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे घरी सगळे झोपलेले असताना मी स्वयंपाकघरात बसून ऐकायची. त्याला बाकी फारसं बोलता यायचं नाही. "जेवलास का?", "थंडी आहे का?" याला "हो" एवढंच. सामना सुरू झाला की मात्र तो तासभर बोलायचा. मावशी मलाच विचारायची, "काय म्हणतोय गं तो?"

पर्ड्यूचा संघ वर्षभर सुरेख खेळायचा आणि मार्चमध्ये आपटायचा. २०२१ ला १३ व्या मानांकनाकडून हरले, २०२२ ला १५ व्या. आता २०२३. पर्ड्यू स्वतः पहिल्या मानांकनावर, सेंटरला ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी. समोर १६ वा मानांकित फेअरली डिकिन्सन. त्या वर्षी डिव्हिजन वनमधला सर्वात बुटका संघ म्हणून त्यांचं नाव झालं होतं. आदल्या मोसमात ४ विजय आणि २२ पराभव.

या फेअरली डिकिन्सनची गंमत वेगळीच आहे. ते आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ६६-६७ असा एका गुणाने हरले होते! जिंकलेला मेरिमॅक नुकताच खालच्या डिव्हिजनमधून वर आलेला असल्यामुळे नियमाप्रमाणे स्पर्धेला पात्र नव्हता. त्याच्या जागी हे आले. म्हणजे संघच मुळात बदली. तिथून प्राथमिक सामना खेळून, जिंकून पर्ड्यूसमोर उभे राहिले.

याआधी १६ व्याने पहिल्याला हरवल्याचं एकच उदाहरण होतं. २०१८ मध्ये मेरीलँडच्या यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं होतं. त्यापूर्वीच्या १३५ सामन्यांत एकदाही नाही. १८ मार्चच्या पहाटे ते दुसऱ्यांदा झालं. फेअरली डिकिन्सन ६३, पर्ड्यू ५८. १३, १५ आणि आता १६. पुढचा नंबरच शिल्लक राहिला नाही.

दादा काही बोलला नाही. "ठेवतो" म्हणाला आणि फोन ठेवला.

एरवी मीही उशीत तोंड खुपसून झोपले असते. पण त्या मार्चमध्ये गोष्ट वेगळी होती. दादा एमएसनंतर न्यू जर्सीत नोकरीला लागला होता आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्याची नोकरी गेली होती. एच-वन व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तो दिवस मोजत होता आणि घरच्यांचे फोन उचलत नव्हता. मावशीला "मीटिंगमध्ये आहे" असा मेसेज जायचा. नोकरीच नाही तर मीटिंग कसली, हे फक्त मला माहीत होतं. कारण सामन्यांचा फोन तो करायचा. आता पर्ड्यूच बाहेर. मग पुढचा फोन कशासाठी येणार?

माझे बारावीचे मोठे पेपर झाले होते, सीईटीचं पुस्तक समोर उघडं होतं. मी त्याला मेसेज टाकला, "आता कुठली टीम?" उत्तर नाही. दुपारी परत टाकला, "मी फेअरली डिकिन्सन घेतली. तू?" संध्याकाळी उत्तर आलं, "वेडी आहेस का? त्यांनीच तर मारलं आपल्याला." मी लिहिलं, "म्हणूनच. ते जिंकत गेले तर आपण एका मोठ्या टीमकडून हरलो असं होईल. शिवाय तुझ्या न्यू जर्सीचीच आहे." त्याने लिहिलं, "मी मिशिगन स्टेट. आपली कॉन्फरन्स." त्याची नात्याची पद्धत, माझी साखळीची. आणि २० तारखेच्या पहाटे फोन आला.

त्या दिवशी फेअरली डिकिन्सन ७०-७८ ने हरलं. हरवलं नवव्या मानांकनाच्या फ्लोरिडा अटलांटिकने. साखळीच्या नियमाने मी आता यांची. यांनी त्या वर्षापूर्वी या स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. घरच्या मैदानावर तीन हजारांहूनही कमी खुर्च्या. संघाचं नाव 'आउल्स', म्हणजे घुबडं! आजी म्हणाली, "पहाटे उठून घुबडांचं नाव कसलं घेतेस?" मी म्हटलं, लक्ष्मीचं वाहन आहे.

२४ तारखेला दादाचा मिशिगन स्टेट जादा वेळेत ९३-९८ असा कॅन्सस स्टेटकडून हरला. त्याच मैदानावर, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, लगेचच्या सामन्यात माझी घुबडं टेनेसीला हरवून पुढे गेली. दादा नदीपलीकडे जर्सी सिटीत राहायचा, पण तिकीट काढायची ती वेळ नव्हती. आता घुबडांची गाठ कॅन्सस स्टेटशी. दादा म्हणाला, "तुझी टीम माझ्या टीमचा बदला घेणार असेल तर मी तुझ्याकडे येतो." २६ च्या पहाटे पावणेचारला सामना सुरू झाला. ७९-७६ ने आम्ही जिंकलो. मी 'आम्ही' म्हटलं, तेव्हा माझ्याच लक्षात आलं नाही. दोन वेगळ्या लिंक्ड लिस्ट एका नोडपाशी येऊन मिळाल्या होत्या. त्या आठवड्यात तो रोज फोन करत होता. सामना नसला तरी. एकदा त्याने मावशीला फोनवर घ्यायला सांगितलं.

२ एप्रिल, पहाट. उपांत्य सामना, समोर सॅन डिएगो स्टेट. दुसऱ्या अर्धात आम्ही १४ गुणांनी पुढे होतो. मग अंतर कमी होत गेलं. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणाने पुढे, चेंडू त्यांच्याकडे. दादा बोलायचा थांबला. मग भोंगा ऐकू आला आणि त्याच्या मागे प्रचंड आवाज. "गेला आत," तो म्हणाला. ७१-७२.

साखळीच्या नियमाप्रमाणे मी ताबडतोब सॅन डिएगो स्टेटची व्हायला हवी होते. साखळी कुठे जाते तेही आपल्याला माहीत आहे. पुढच्या सामन्यात कनेटिकटने त्यांना ७६-५९ ने हरवलं आणि विजेतेपद घेतलं. नियम बरोबर होता. पण मला ते जमेना. मी विचारलं, "दादा, आता कुठली टीम?" तो म्हणाला, "आता कुठली नाही गं. ही गेली ना."

मग बराच वेळ फोन चालू राहिला. तो म्हणाला, "पस्तीस दिवस झाले. मी घरी यायचं म्हणतोय. आईला कसं सांगू?" बॅलन्सशीट, व्हिसा, भाडं, सगळं बोलला. मला अर्धं कळलं नाही. मी फक्त "हं, हं" करत होते. दूधवाला आला तेव्हा फोन ठेवला. मे महिन्यात तो पुण्याला परत आला. आता चाकणला नोकरी करतो.

६. खबरदारी

पर्यायी संघ एका मोसमासाठीच घ्यावा. कॉलेजचे खेळाडू पास आउट होतात, दुसऱ्या कॉलेजात बदली घेतात. प्रशिक्षकांचं तर विचारू नका. सेंट पीटर्सचे प्रशिक्षक २०२२ मध्ये स्पर्धा संपताच सेटन हॉलला गेले, फेअरली डिकिन्सनचे २०२३ मध्ये आयोनाला, फ्लोरिडा अटलांटिकचे २०२४ मध्ये मिशिगनला. सिंड्रेलाची गाडी अशी दरवर्षी भोपळा होते. पुढच्या मार्चमध्ये त्याच नावाचा संघ येईल, पण माणसं वेगळी असतील. २०२४ मध्ये माझी घुबडं पहिल्याच फेरीत नॉर्थवेस्टर्नकडून हरली. वाईट वाटलं, पण जुन्या शाळेवरून बसने जाताना वाटतं तेवढंच.

७. निष्कर्ष

तर मित्रमैत्रिणींनो, पद्धत कुठलीही वापरा. ब्रॅकेट, बलवान, सिंड्रेला, नातं, गोष्ट किंवा साखळी. सुरुवात कशाने करता याला महत्त्व नाही. मी तर रागाने आणि फोन यावा म्हणून सुरुवात केली होती. निवड बरोबर आली की नाही याची चाचणी शेवटी होते, आणि ती एकच आहे : हा संघ हरल्यावर लगेच पुढचा शोधावासा वाटतो का? वाटला, तर तो फक्त पर्याय होता. नाही वाटला, तर तो आपला झाला. जिंकण्यावर ही चाचणी होऊ शकत नाही, कारण जिंकणारा कोणालाही आवडतो.

आता थोडं घरचं. माझी पहिली पसंती कॉम्प्युटर होती. कॅप राउंडमध्ये मिळालं मेकॅनिकल. पहिलं वर्षभर मी ब्रँच बदलायचे नियम पाठ करत होते आणि कोणी विचारलं तर "सध्या मेकॅनिकल" असं सांगायचे. मागच्या वर्षी मेसमध्ये एकजण म्हणाला, "मेकॅनिकलमध्ये आता काय राहिलंय?" आणि माझं डोकं असं सटकलं की ताटातला भात तसाच राहिला. स्टीम टेबलपासून इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरी कूलिंगपर्यंत मी त्याला वीस मिनिटं ऐकवलं. रूमवर आल्यावर कळलं, की चाचणी झाली. या हॉस्टेलमध्ये पहिल्या पसंतीची ब्रँच मिळालेले किती असतील? बाकीच्यांनी आपापली चाचणी घेऊन बघावी.

पर्ड्यूचं काय झालं, ते राहिलं. २०२४ मध्ये ते १९६९ नंतर पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचले. आपल्याकडे ती ९ एप्रिलची सकाळ होती, गुढीपाडवा. मी फर्स्ट इयरला, सुट्टीला मावशीकडे गेलेली. काका गॅलरीत गुढी बांधत होते आणि दादा व मी सोफ्यावर. या वेळी धावतं वर्णन कोणी कोणाला करायची गरज नव्हती. ईडीने एकट्याने ३७ गुण केले, तरी कनेटिकट ७५-६० ने जिंकलं. अंतिम सामना हरल्यावर पर्यायी संघ निवडायची सोयच नसते, सामनेच संपलेले असतात. आम्ही टीव्ही बंद केला. तेवढ्यात मावशी आली आणि दोघांच्या हातावर कडुलिंब ठेवला. दादा म्हणाला, "आई, आज याची गरज नव्हती." ती म्हणाली, "गूळ घातलाय त्यात. खा आणि पाया पड."

येत्या मार्चमध्ये कोणाची टीम लवकर गेली तर लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूमबाहेरच्या कट्ट्यावर या. वॉर्डन मॅडमची परवानगी काढली आहे. चहा ज्याचा त्याने आणायचा. टीम निवडून देऊ.